मार्कशीटवर केटी आहे, म्हणून एमपीएचचा विचार सोडू नका



एरवी आपण इथे साखर, रक्तदाब, थायरॉइड यांबद्दल बोलतो. आजचा विषय वेगळा वाटेल, पण तोही दवाखान्यातूनच आला आहे. रक्तदाब मोजून झाला, हातावरचा पट्टा सोडला, तरी काही आईवडील खुर्चीवरून उठत नाहीत. जरा घुटमळतात आणि मग विचारतात. मुलीचे बीएएमएसच्या पहिल्या वर्षी दोन विषय राहिले होते, किंवा मुलगा एमबीबीएसला ऑड बॅचमध्ये गेला होता, किंवा बीएस्सीला जेमतेम बावन्न टक्के पडले. आता पोरं पब्लिक हेल्थ करायचं म्हणतात, एमपीएच की काय ते. घेतील का त्यांना?

माझं उत्तर असं : घेतील, पुष्कळ ठिकाणी घेतील. पण ‘कसंही चालतं’ म्हणून नाही घेणार. जुन्या गुणांच्या पलीकडचं काहीतरी दाखवलं तर घेतील. ते काहीतरी म्हणजे काय, हे घरात कुणी समजावून सांगत नाही आणि क्लासवालेही सांगत नाहीत, म्हणून हा लेख.

आधी हे क्षेत्र काय आहे ते पाहू. तुम्ही माझ्याकडे जुलाब घेऊन आलात तर मी सलाइन लावीन. पण तुमच्या गल्लीतल्या चाळीस जणांना एकाच आठवड्यात जुलाब लागले, तर पिण्याच्या पाण्याची लाइन गटाराला नेमकी कुठे मिळाली हे शोधणारा माणूस लागतो. कोण आजारी पडलं, कधी पडलं, कुठलं पाणी प्यायलं, याची यादी तो करतो, नकाशावर ठिपके काढतो, नगरपालिकेच्या इंजिनिअरशी भांडतो. लसीकरणाचं वेळापत्रक, तंबाखूच्या पुडीवरचं चित्र, गावातल्या आशाताईंच्या हातातली नोंदवही, या सगळ्यामागे सार्वजनिक आरोग्य नावाचं शास्त्र आहे. त्याची पदव्युत्तर पदवी म्हणजे मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ, अर्थात एमपीएच. आपल्याकडे ती साधारण दोन वर्षांची असते. डॉक्टर, डेंटिस्ट, नर्स, फार्मसीवाले, समाजकार्य शिकलेले, अर्थशास्त्राचे पदवीधर असे सगळे तिथे एका वर्गात बसतात. पेशंट तपासायचा परवाना मात्र त्यातून मिळत नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

या शास्त्राने आपल्याच महाराष्ट्रात एक गोष्ट सिद्ध केली आहे, ती मला महत्त्वाची वाटते. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केलं, ते गावातल्या बायकांना आरोग्यसेविका करून. त्यातल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी पाचवी ते दहावी शिकलेल्या गावकरी बायकांना नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं : बाळाचं वजन, श्वास, ताप, जंतुसंसर्गाची लक्षणं. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष छापून आले. तिसऱ्या वर्षी त्या गावांतले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा साठ टक्क्यांहून जास्त घटले होते. हे काम उभं करणारे चौघेही अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले होते आणि विद्यार्थी म्हणून हुशारच होते, ते लपवायचं कारण नाही. पण त्यांनी बाळं वाचवण्यासाठी ज्यांच्यावर भरवसा टाकला, त्यांची मार्कशीट कुणी मागितली नव्हती. त्या बायका काम शिकू शकतात का आणि चोख करतात का, एवढंच पाहिलं गेलं. ज्या शास्त्राचा पाया असा आहे, त्याच्या प्रवेशाच्या दारात बसलेल्यांनी एखाद्या पोराची पहिल्या वर्षाची केटी पाहून फाइल बाजूला ठेवली, तर मला ते त्या शास्त्रालाच न शोभणारं वाटतं.

आणखी एक माणूस सांगतो. रोनाल्ड रॉस. १८५७ साली अल्मोड्याला जन्मलेला, लंडनला वैद्यकीला घातलेला, पण लक्ष कवितेत आणि संगीतात. सर्जनची परीक्षा १८७९ मध्ये सुटली, पण औषधवैद्यकाची दुसरी परीक्षा पहिल्या खेपेला सुटली नाही. काही काळ जहाजावर डॉक्टर म्हणून काम केलं आणि १८८१ मध्ये तीही परीक्षा पास होऊन भारतातल्या लष्करी वैद्यकीय सेवेत आला. पुढे रजेवर इंग्लंडला गेला असताना त्याने सार्वजनिक आरोग्याची पदविका घेतली, सूक्ष्मदर्शकाचं काम शिकला. आणि २० ऑगस्ट १८९७ ला सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू शोधून काढले. १९०२ चं नोबेल त्याला मिळालं. आता ‘नापास झालेले सगळे रॉस होतात’ असा अर्थ कृपया काढू नका. नापास झाल्याने कुणी शहाणं होत नाही. रॉसच्या गोष्टीत मला रस आहे तो मधल्या वर्षांत. तेव्हा तो पुन्हा शिकायला बसला, आणि हाताने करायचं एक कौशल्य त्याने पक्कं केलं. प्रवेश समिती तुमच्या मुलामुलीत नेमकं तेच शोधत असते.

आपल्याकडे दार कसं उघडतं

भारतात या शिक्षणाची जुनी परंपरा आहे. कोलकात्याची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ हायजीन अँड पब्लिक हेल्थ १९३२ ची. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेतल्या अच्युत मेनन सेंटरमध्ये १९९७ पासून एमपीएच शिकवलं जातं. मुंबईची टिस, चंदीगडचं पीजीआय, पुद्दुचेरीचं जिपमर, चेन्नईची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था, गांधीनगरची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक हेल्थ, मणिपाल अशी यादी मोठी आहे. अटी सगळीकडे सारख्या नाहीत. टिसमध्ये कोणत्याही शाखेचे पदवीधर येतात, काही संस्थांना वैद्यकीय किंवा त्याला लागून असलेली पदवी लागते, काहींना कामाचा अनुभव हवा असतो. किमान गुणांची अट जिथे असते तिथे ती बहुधा पन्नास-पंचावन्न टक्क्यांच्या आसपास असते आणि राखीव प्रवर्गांना सवलत असते. ज्या वर्षी अर्ज करणार त्या वर्षाची माहितीपुस्तिका स्वतः वाचा. मागच्या वर्षीच्या मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका.

यात एक गोष्ट केटीवाल्यांच्या बाजूची आहे. मोठ्या संस्थांमध्ये आधी प्रवेश परीक्षा असते, टिससारख्या ठिकाणी आता सीयूईटी-पीजी, आणि मग मुलाखत. परीक्षेच्या दिवशी सगळ्यांची पाटी कोरी असते. पात्रतेपुरते गुण असले की पहिल्या वर्षी अ‍ॅनाटॉमीत कोण लटकलं होतं हे तो पेपर विचारत नाही. मला पर्यायी उत्तरांच्या परीक्षा फारशा आवडत नाहीत. सहा महिने टीबीच्या पेशंटच्या मागे फिरलेल्या नर्सचा अनुभव त्यांना दिसतच नाही. पण जुन्या गुणपत्रिकेचं ओझं उतरवायला त्या उपयोगी पडतात, हे मान्य करावं लागेल.

परदेशातलं गणित वेगळं आहे. अमेरिकेत बहुतेक सार्वजनिक आरोग्य महाविद्यालयांचे अर्ज सोफास नावाच्या एका सामायिक व्यवस्थेतून जातात. तिथे आजवर शिकलेल्या प्रत्येक कॉलेजची गुणपत्रिका द्यावी लागते आणि परदेशी गुणांचं मूल्यमापन वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेससारख्या संस्थेकडून होतं. आपले साठ टक्के म्हणजे त्यांचे साठ टक्के असं ते धरत नाहीत. भारतीय विद्यापीठांत पहिला वर्ग मिळवणं किती अवघड असतं हे त्यांना ठाऊक असतं. त्यामुळे अठ्ठावन्न-साठ टक्क्यांवर मान खाली घालून बसलेल्या मुलांना तिथे अनेकदा चांगली श्रेणी मिळते. जीआरई ही परीक्षा तर कोविडनंतर बऱ्याच महाविद्यालयांनी ऐच्छिक केली किंवा काढूनच टाकली. ब्रिटनमध्ये अभ्यासक्रम एका वर्षाचा असतो, पण पदवीच्या वर्गाबद्दल ते जास्त काटेकोर असतात. तिथल्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला २,८०० तासांचा, म्हणजे साधारण दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. ‘वर्ष वाया गेलं’ म्हणून रडणाऱ्या घरांनी हा आकडा जरा बघावा.

नापास झाल्याचं सांगायचं कसं

लपवू नका, हे पहिलं. लपत नाही. एमबीबीएसला अटेम्प्ट सर्टिफिकेट मागतात, बाकीच्यांच्या सत्रागणिक गुणपत्रिकांवर सगळं छापलेलं असतं. आणि ज्या शास्त्रात खोटी नोंद म्हणजे कुणाचं तरी मरण, त्या शास्त्राच्या दारात पहिलीच नोंद खोटी करणारा उमेदवार कोण घेईल?

पण सांगायचं म्हणजे रडगाणंही गायचं नाही. अर्जासोबत जे हेतुपत्र लिहावं लागतं, त्यात मुलं हमखास असं वाक्य लिहितात : ‘काही अपरिहार्य वैयक्तिक कारणांमुळे माझ्या शैक्षणिक कामगिरीवर परिणाम झाला.’ यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही, उलट शंका येते. त्यापेक्षा असं लिहा : ‘बारावीपर्यंत मी मराठी माध्यमात शिकले. पहिल्या वर्षी अ‍ॅनाटॉमीचा पेपर इंग्रजीत लिहिता आला नाही आणि नापास झाले. पुढच्या खेपेला पास झाले. त्यानंतर एकही विषय राहिला नाही.’ चार वाक्यं, प्रत्येक वाक्यात एक वस्तुस्थिती, आणि शेवटचं वाक्य सगळ्यांत जड. एवढं झालं की त्या विषयावरून पुढे सरका. बाकीचं पत्र तुम्ही काय केलंत आणि काय करणार आहात याचं असू द्या.

आपल्याला एका मराठी बाईचं उदाहरण आहे. आनंदीबाई जोशींनी १८८३ साली फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाकडे प्रवेशासाठी जे पत्र लिहिलं, त्यात प्रवेशाच्या सगळ्या अटींत आपण कदाचित बसत नसू, हे त्यांनी स्वतःच मान्य केलं होतं. आणि तरी का यायचं आहे, मायदेशातल्या स्त्रियांना कशाची गरज आहे, ते स्पष्ट मांडलं होतं. प्रवेश मिळाला, १८८६ मध्ये पदवीही मिळाली. हेतुपत्र लिहायला पैसे मागणाऱ्या एजंटांकडे जाण्याआधी त्या पत्राची आठवण ठेवावी. मला दाखवायला आणलेली एजंटची पत्रं इतकी एकसारखी असतात की वरचं नाव झाकलं तर कुणाचं कुठलं ते ओळखू येणार नाही.

कारण आजारपणाचं असेल तर? टीबी, अपघात, घरातला मृत्यू हे सरळ लिहावं. नैराश्यासारख्या मानसिक आजाराबाबत डॉक्टर म्हणून माझं मत असं की निदानाचं नाव लिहिण्याची सक्ती तुमच्यावर नाही. ‘त्या वर्षी प्रकृतीच्या कारणाने उपचार घेत होतो, आता नियमित काम करतो आहे’ एवढं पुरे. सांगावंसं वाटलं तर सांगा, पण दया मिळेल या हिशेबाने सांगू नका.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. गुण कमी असलेल्या उमेदवाराबद्दल समितीला एकच खरी शंका असते : याला आकडेशास्त्र झेपेल का? एमपीएचला येणाऱ्या बऱ्याच मुलांची दांडी तिथेच गुल होते. म्हणून आधी स्वतःची परीक्षा घ्या. समजा एक आजार शंभरात एकाला आहे. त्यासाठीची तपासणी आजारी माणसांपैकी ९० टक्के लोकांना बरोबर पकडते आणि निरोगी माणसांपैकी ९० टक्के लोकांना बरोबर सोडते. तपासणी पॉझिटिव्ह आली, तर तो आजार खरंच असण्याची शक्यता किती? बहुतेक जण नव्वद टक्के म्हणतात. मोजून पाहा. हजार माणसं घ्या. आजारी १०, त्यातले ९ पॉझिटिव्ह. निरोगी ९९०, त्यातले ९९ चुकून पॉझिटिव्ह. एकूण पॉझिटिव्ह १०८, खरे आजारी फक्त ९. म्हणजे शंभरात जेमतेम आठ! (अख्ख्या घराची सरसकट ‘फुल बॉडी चेकअप’ पॅकेजं घेणाऱ्या वाचकांनीही हा हिशेब जरूर करावा.) हे वाचताना पेन घेऊन पुन्हा करून पाहावंसं वाटलं, तर तुम्ही या क्षेत्राचे आहात, मग बारावीच्या गणितात काही का पडलेले असेनात. कंटाळा आला, तर दोन वर्षं फार लांब वाटतील.

झेपेल हे दाखवायचा स्वस्त मार्ग आहे. स्वयम आणि एनपीटीईएलवर जीवसांख्यिकी आणि आरोग्य संशोधनाचे मोफत अभ्यासक्रम आहेत, चेन्नईच्या साथरोगशास्त्र संस्थेचाही आहे. थोडी फी भरून परीक्षा दिली की प्रमाणपत्र मिळतं. तीन वर्षांपूर्वीच्या नापास शेऱ्यापुढे यंदाचं आकडेशास्त्राचं प्रमाणपत्र ठेवलं की बोलायला काहीतरी असतं.

दुसरं, काम. बाँडवर प्राथमिक आरोग्य केंद्रात असलेले एमबीबीएस, उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी झालेले बीएएमएस आणि नर्सिंगवाले हा काळ ‘काढायचा’ म्हणून काढतात. अरे, तुम्ही तर खाणीवर बसला आहात! तुमच्या उपकेंद्रात गेल्या वर्षी नोंदवलेल्या गरोदर बायांपैकी किती जणींची नोंद पहिल्या बारा आठवड्यांत झाली? ज्यांची झाली नाही त्या कुठल्या वाडीच्या? का नाही आल्या? कामाला बाहेरगावी गेल्या होत्या, की माहेरी? एवढा एक प्रश्न वरिष्ठांची परवानगी घेऊन, नावं उघड न करता, सहा महिने नीट मोजलात तर मुलाखतीत तुमच्याशी बोलायला समितीला वेळ कमी पडेल. शिफारसपत्रही अशा कामातूनच मिळवा. तुम्हाला चेहऱ्यानेही न ओळखणाऱ्या प्राचार्यांच्या चार ओळींपेक्षा, तुमच्याबरोबर उन्हात फिरलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याची चार वाक्यं जड ठरतात.

कुणी येऊ नये, तेही सांगतो. नीट-पीजीत दोन-तीनदा मनासारखा रँक आला नाही म्हणून ‘निदान पीजी तरी होईल’ अशा हिशेबाने एमपीएचला येणारे डॉक्टर मी पाहतो. त्यांनी थांबून विचार करावा. एमपीएच म्हणजे एमडी नव्हे. वैद्यकीय महाविद्यालयात पीएसएम विभागात प्राध्यापक व्हायचं तर सहसा त्या विषयाची एमडी लागते, आणि तिचा रस्ता नीट-पीजीतून जातो. एमपीएचनंतरची कामं म्हणजे राष्ट्रीय आरोग्य अभियानातली जिल्हा पातळीवरची पदं, साथरोग सर्वेक्षण, संशोधन संस्था, स्वयंसेवी संस्था, विमा आणि सल्लागार कंपन्या. अभियानातली बरीच पदं कंत्राटी, अकरा-अकरा महिन्यांच्या आदेशांवरची. पगार संस्थेगणिक खूप बदलतो. अमेरिकेतल्या नामांकित विद्यापीठात फी आणि राहणं धरून दोन वर्षांचा खर्च पन्नास लाखांच्या पुढे सहज जातो, आणि तो शेत गहाण ठेवून करावा असं मला मुळीच वाटत नाही. आधी देशातल्या सरकारी संस्था, मग शिष्यवृत्त्या, आणि कर्ज सगळ्यांत शेवटी.

आईवडिलांशी दोन शब्द. पोरगं समोर बसलेलं असताना ‘ह्याचं एक वर्ष फुकट गेलं’ असं पाहुण्यांना सांगू नका. मी ते दवाखान्यातही ऐकतो, आणि त्या वेळी पोराची नजर जमिनीवर असते. ज्या मुलाची झोप उडाली आहे, जेवण कमी झालं आहे, जो मित्रांना टाळतो, ‘माझ्याकडून काही होणार नाही’ हेच पुन्हा पुन्हा म्हणतो, त्याला आत्ता अर्ज भरायला बसवू नका, आधी डॉक्टरांकडे न्या. टेलि-मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीतही बोलते. प्रवेश पुढच्या वर्षीही असतात.

आणि ज्यांची तयारी आहे त्यांनी विद्यापीठात ट्रान्सक्रिप्ट आणि अटेम्प्ट सर्टिफिकेटचा अर्ज याच महिन्यात टाकावा. तिथल्या खिडकीवर ‘पुढच्या आठवड्यात या’ हे किती वेळा ऐकावं लागेल सांगता येत नाही, आणि दर वर्षी कुणाचा ना कुणाचा अर्ज गुणांपायी नाही, या एका कागदापायी अडकलेला असतो.